लायमन खारीचा सायरन

२ सप्टेंबर
डेल्फीनने ऑफिसात बोलावलं. चॅनेलवर कोणता कार्यक्रम किती वाजता लावायचा हे ती ठरवते, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या नाड्या तिच्या हातात. म्हणाली, व्हर्नन, तुझा ‘लायमन’ रात्री साडेअकराहून दोनला हलवतेय. का, म्हणून विचारलं. तर म्हणाली, तुझ्या चांगल्यासाठीच.
खरंच आहे. साडेअकराला कुणीही सोम्यागोम्या टीव्ही बघतो. दोनला बघतो तो खरा दर्दी.
लायमन म्हणजे विमा विकणारी खार. मोठ्या माणसांचं कार्टून. लिहितो मी, लायमनचा आवाजही माझाच. पुढचे वीस भाग मिळणार की नाही, ते नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधी ठरेल. मिळणारच. नाही मिळाले तर पन्नाशीत मला दुसरं काही येत नाही, हेही लिहून ठेवतो. इथे कोण वाचायला येतंय.
संकल्प : रोज दोनपर्यंत जागायचं आणि आपला कार्यक्रम प्रेक्षकांबरोबर बघायचा.

३ सप्टेंबर
झोप लागली. पण संकल्पात ‘रोज’ म्हटलं होतं, ‘आजपासून’ म्हटलं नव्हतं.

९ सप्टेंबर
माझी बायको लोरेटा शाळेची बस चालवते, त्यामुळे भल्या पहाटे उठते. आज म्हणाली, माणूस एकतर झोपतो नाहीतर जागतो. तू नुसता घरभर येरझारा घालतोस. मी म्हटलं, कलावंत अस्वस्थच असतो. ती म्हणाली, मग कलावंतानं निदान मोजे घालावेत.

१८ सप्टेंबर
प्रेक्षकांचे नंबर आले. टोबायसने आणले. काही घरांत मीटर बसवलेले असतात, त्यावरून कोण काय बघतं याचा हिशेब हा ठेवतो. बाकीच्या कार्यक्रमांची निम्मी माणसं मधेच पळतात. लायमनच्या वेळी सुरुवातीला जेवढी घरं, शेवटीही तेवढीच. एकानंही चॅनेल बदललेलं नाही.
अख्ख्या मजल्याला डोनट वाटले. टोबायस आणखी काही सांगायला तोंड उघडत होता, त्यात मी डोनट घातला.

२३ सप्टेंबर
टोबायसने पार्किंगमध्ये गाठलंच. म्हणाला, मीटरवाल्या घरात टीव्ही बराच वेळ तसाच चालू राहिला, की पडद्यावर विचारतात, आहात ना? बटण दाबून ‘आहे’ म्हणायचं असतं. लायमनच्या वेळी कुणी दाबतच नाही. ते झोपलेत रे, व्हर्नन.
मी म्हटलं, हसून हसून हात मोकळा नसेल.
त्याने आपल्या गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, असेल बाबा.

२४ सप्टेंबर
टोबायस आकडेमोडीचा माणूस. विनोदात त्याला काय कळतं.
रात्रभर डोळ्याला डोळा नाही. मोजे घातले होते.

१ ऑक्टोबर
सुचलं. पुढच्या भागात लायमनच्या ऑफिसला आग लागते आणि सायरन वाजतो. जागा माणूस खदखदून हसेल, ताठ बसेल, बटण दाबेल. टोबायसचं तोंड कायमचं बंद.
टोबायस म्हणाला, चाललंय ते बरं चाललंय, कशाला हात दाखवून अवलक्षण करतोस. भित्रा आहे.
लोरेटाने विचारलं, केवढा सायरन? मी तोंडानं करून दाखवला. शेजारच्या मिसेस पेटिग्रूंच्या घरात दिवा लागला. लोरेटा म्हणाली, बघ, मिळालं तुला उत्तर. तिला आवडला असावा.

२० ऑक्टोबर
सायरनचा भाग लागला. मी स्वतः बघितला. म्हणजे सायरनपासून पुढचा. त्याच आवाजानं जाग आली.

२१ ऑक्टोबर
टोबायस म्हणाला, लोक जागे झाले. मी म्हटलं, बघ.
म्हणाला, आणि जागे होऊन त्यांनी टीव्ही बंद केला. सगळ्यांनी.
फोनही बरेच आले. चॅटनूगा शहरातला एक गृहस्थ सोफ्यावरून खाली पडला म्हणे. आजवर कुठल्या विनोदी कार्यक्रमाचा एवढा परिणाम झालाय?

२ नोव्हेंबर
गेलेली घरं परत येत नाहीत. मी कॉफीच्या मशीनपाशी गेलो की तिथली माणसं कामाला लागतात. डेल्फीन फोन उचलत नाही. बिझी असेल, थँक्सगिव्हिंग तोंडावर आलंय.
लोरेटा म्हणाली, बस डेपोत एक जागा रिकामी आहे. मी म्हटलं, मला बस चालवता येत नाही. ती म्हणाली, चालवायची नाही, धुवायची आहे.
मी हसलो नाही. भीती वाटते. या खारीशिवाय मी कोण, हे मला सांगता येत नाही.
संकल्प : घाबरायचं नाही.

१४ नोव्हेंबर
वीस भाग मिळाले.
डेल्फीन म्हणाली, गाद्यांची एक कंपनी प्रायोजक व्हायला तयार आहे. त्यांना झोपलेलेच प्रेक्षक हवेत, आणि टोबायसच्या हिशेबानं तुझ्याइतकी माणसं या चॅनेलवर कुणीच झोपवलेली नाहीत. अट एकच : सायरन नाही, ढोलताशे नाहीत, कुणाची झोप मोडता कामा नये.
मी विचारलं, आणि विनोद?
म्हणाली, तुझे विनोद आहेत तसे चालतील.
सही केली. लोरेटाने घट्ट मिठी मारली आणि डेपोत फोन करून ती जागा दुसऱ्याला द्या म्हणून सांगितलं. तिनं ती माझ्यासाठी अडवून ठेवली होती, हे मला आज कळलं.

५ डिसेंबर
पहिल्या भागाचं रेकॉर्डिंग. काचेपलीकडे डेल्फीन, टोबायस आणि गाद्यांच्या कंपनीच्या बाई. दहा मिनिटांत बाईंची मान कलली. डेल्फीननं माझ्याकडे बघून अंगठा वर केला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच.
मग माझा जपून ठेवलेला विनोद आला. अस्वल लायमनला म्हणतं, मी अर्धं वर्ष झोपून काढतो, मग विम्याचा हप्ता अर्धा का नाही? लायमन म्हणतो, साहेब, अपघात झोपायच्या वेळीच होतात. तुम्हाला पिल्लं किती?
टोबायस हसला. गालातल्या गालात नव्हे, पोट धरून, कॉफी नाकातून येईपर्यंत. लायमनच्या विनोदाला कुणीतरी हसताना मी आयुष्यात पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. इतका आनंद झाला की पुढचं वाक्य मी दोनदा वाचलं.
बाई दचकून जाग्या झाल्या. डेल्फीननं माईकचं बटण दाबलं आणि हळू आवाजात म्हणाली, व्हर्नन, तेवढा एक विनोद काढून टाक.
काढला. बाकीचा भाग त्यांना फार आवडला.