पहिला घास

आई, तुझ्या पायावर डोकं ठेवतो.

महाराजांना पुंडलिकनगरच्या माझ्या घरी आणलंय. माझी तब्येत बरी हाय, काळजी करू नको. तुझे गुडघे कसे हायेत?

पिशोरच्या मठात तू सैपाक करायचीस अन् महाराज पहिला घास माझ्या तोंडात घातल्याबिगर जेवायचे नाय. अजून तसंच हाय. घास हातात धरून दाराकडं बघत बसतात. "इंद्या शाळंतून येऊ दे," म्हणतात.

मी म्हणतो, "महाराज, मीच इंद्या."

ते हसतात. "साहेब, तुम्ही जेवून घ्या. माझं पोरगं उपाशी हाय."

कालपासून त्यांच्या पोटात काहीच नाय. डॉक्टर म्हणतात, जबरदस्ती करू नका. आई, तूच सांग, मी आता शाळंतून कसा येऊ?

तुझा,
इंद्रजीत