अध्यक्षपद, मी आणि भुलाबाईची खिरापत

३० सप्टेंबर, मंगळवार
निर्णय झाला. येत्या सोमवारी, कोजागिरीला, कॉलनीच्या सांस्कृतिक मंडळाचा नवा अध्यक्ष ठरणार. जुने अध्यक्ष मुलाकडे नागपूरला गेले ते गेलेच. नावं दोन. माझं आणि शेजारच्या खेमसिंग राठोडचं. खेमसिंग डफ वाजवतो, होळीला बंजारा तांड्यावर जाऊन लेंगी गीतं गातो. म्हणजे तो कलाकार. अध्यक्ष रसिक लागतो. कॉलनीत रसिक एकच आहे, फक्त ते अजून कुणाच्या लक्षात आलेलं नाही.
संकल्प: रोज एक कला. यवतमाळात काय कमी आहे!
बायकोला सांगितलं. विमल म्हणाली, घरी टीव्हीसमोर फुकटात झोपता, तिकीट काढून कायले झोपता? दुर्लक्ष केलं.

त्याच दिवशी, जेवून आल्यावर
दुर्गादेवीचे देखावे पाहायला गेलो. तुफान गर्दी. एक रांग दिसली, लागलो. ती महाप्रसादाची निघाली. लागलेली रांग सोडणं आपल्या शिस्तीत बसत नाही. वरण-भात, आलूवांगं, बुंदी. देवी मंडपामागून पाहिली. मूर्तिकाराचं खरं कसब पाठीकडूनच कळतं.

१ ऑक्टोबर
शास्त्रीय गायन. पहिली रांग, एसी हॉल. आलाप सुरू झाला, डोळे मिटले. जाणकार मिटूनच ऐकतात. डोळे उघडले तेव्हा वॉचमन खांदा हलवत होता. काका, उठा, कुलूप लावाचं हाय, म्हणाला. याला तंद्री म्हणतात, पण वॉचमनला कोण समजावणार?
विमलचं म्हणणं, तुमच्या घोरण्यानं तबलेवाला दोनदा बिचकला. ही हॉलमध्ये नव्हती. कॉलनीत बातम्या फार पसरतात.

२ ऑक्टोबर, दसरा
प्रचार. घरोघरी आपट्याचं सोनं दिलं आणि हळूच म्हटलं, सोमवारी लक्ष असू द्या. सगळे हो म्हणाले. खेमसिंगही सोनं घेऊन आला. म्हणाला, पुंडलिकभाऊ, तुमीच व्हा अध्यक्ष, मले ते माइकवर बोलनं जमत नाई.
केवढा हा कावेबाजपणा! सावध राहायला हवं.

३ ऑक्टोबर
एकांकिका स्पर्धा. अर्ध्यात एक माणूस प्रेक्षकांतून ओरडत स्टेजकडे निघाला. बाकीचे नुसते बघत बसले. मी हात धरला, खाली बसवला, दोन शब्द सुनावले.
तो नायक होता.
पडदा पाडावा लागला. नंतर दिग्दर्शक मुद्दाम मला भेटायला आले. बरंच बोलले. मीही काही सूचना केल्या, त्यांनी हात जोडले.

४ ऑक्टोबर
केळापूरकडची मंडळी ढेमसा नाच घेऊन आली होती. मैदानात गोल धरून नाचत होती. नुसता बघेल तो रसिक कसला? शिरलो गोलात. पाय सहज उजवीकडे गेले. सगळ्यांचे डावीकडे गेले.
कंबरेत उसण. खेमसिंगनं मोटरसायकलवरून घरी आणलं. हा नेमका तिथे काय करत होता? माझ्यावर पाळत असणार.

५ ऑक्टोबर, रविवार
आडवा. खेमसिंगची बायको धुरपताबाई कंबरेला तेल देऊन गेली. चांगलं आहे तेल. पण त्यानं माझं मत फुटणार नाही.
कॉलनीतली छोटी पोर अपेक्षा निमंत्रण घेऊन आली. उद्या मैदानावर आधी भुलाबाईची गाणी, मग बंद डब्यातली खिरापत ओळखायची, मग निवडणूक, मग दूध. खिरापत ओळखायचा मान माझा! म्हणाली, आजोबा, नाई ओळखलं तं हरलो म्हना, मंगच डब्बा उघडन.
पोरीला म्हटलं, हरलो हा शब्द आपण लग्नापासून उच्चारलेला नाही. विमल आतून हसली.

६ ऑक्टोबर, सकाळ
भाषणाची तालीम. स्वयंपाकघरात फिरत केली, कंबर मोकळी होते. परातीत काहीतरी गरम होतं, तोंडात टाकत गेलो. विमल ओरडत होती, पण मी नेमका 'ज्याला चव कळते तोच खरा रसिक' या वाक्यावर होतो. वाक्य फार जमलं.

७ ऑक्टोबर
काल लिहायला वेळ झाला नाही.
पोरींची गाणी झाली. अख्खी कॉलनी बसलेली, मोठ्या पातेल्यात दूध उकळत होतं. अपेक्षानं डबा माझ्या कानाशी हलवला. म्हटलं, पेढे. नाई. करंज्या. नाई. अनारसे, शंकरपाळे, चिवडा. नाई, नाई, नाई. गोड आहे? हो. मग शिरा. नाई! आजोबा, हरले का?
म्हटलं, विचार चालू आहे.
विचार बराच वेळ चालला. लहान पोरी रडकुंडीला आल्या. सगळे माझ्याकडे बघत बसल्यानं दुधाकडे कुणी बघेना. खेमसिंग कानाशी येऊन म्हणाला, भाऊ, म्हनून टाका न, पोरी भुकेल्या हायेत. मी म्हणणार होतो का? उभ्या जन्मात नाही.
तर हा पठ्ठ्या उठला आणि डफासारखा खणखणीत आवाज काढून ओरडला, आमी हरलो बा!
पोरींनी टाळ्या पिटल्या. डबा उघडला. कोहळ्याची बोंडं, गूळ घालून तळलेली.
विमल सगळ्यांसमोर म्हणाली, सकाळी परातीतले निम्मे तं तुमीच हादडले.
लगेच कुणीतरी खेमसिंगचं नाव सुचवलं. अनुमोदन कोणाचं, म्हणून विचारलं. माझ्या तोंडात बोंड होतं. कसलं खुसखुशीत! मान आपोआप डोलली. तेच अनुमोदन धरलं गेलं.
मलाही पद मिळालं. दूध माझ्यामुळे करपलं, म्हणून पातेलं माझ्याकडे.

त्याच दिवशी, दुपार
पातेलं निघत नाही. राख झाली, चिंच झाली. अध्यक्ष आले होते. शेजारी उकिडवे बसले, बाह्या सरसावून म्हणाले, द्या इकडं, भाऊ.
नाही म्हटलं. पुन्हा घासलं. पुन्हा तसंच काळं.
शेवटी म्हणालो, हरलो.
विमल धावत बाहेर आली, पुन्हा म्हना म्हणाली. पुन्हा म्हटलं. सोपा शब्द आहे, जीभ अडखळत नाही. बोंडं उरलीत का, तेही विचारून घेतलं.
नाही उरली.