हाडातला मगज

१० जानेवारी १९७२
काल रविवार, म्हणून एक्स-रे मशीन माझ्या ताब्यात. पाच उंदरांची रक्त बनवणारी मज्जा किरणांनी मारली आणि त्यांच्याच भावंडांची मज्जा शेपटीच्या शिरेतून दिली. आमचे प्रमुख, मेजर (स्वतः निवृत्त, मिशी अजून नोकरीत), नाकाला रुमाल लावून पाहुण्यांसह आले. "बाई, हे हॉस्पिटल आहे की धान्याचं कोठार?" पाहुणे खो-खो हसले. मूळ पेशी म्हणजे काय ते सांगू लागले, तर म्हणाले, "मूळव्याधीचं का?" मुंबई सोडून नगरला आले ती असल्या विनोदांसाठी.

२२ जानेवारी
पुणतांब्याची प्राथमिक शिक्षिका, कमल. हिरड्यांतून रक्त, मांड्यांवर निळे डाग. गावच्या डॉक्टरने लिव्हरची इंजेक्शनं टोचत ठेवली. गाढव. स्लाइड लावली तर कच्च्या पांढऱ्या पेशींनी काच गच्च. ल्युकेमिया. मेजर : "घरी पाठवा. खाट अडवू नका." तिचे वडील दाराशी. "रगत चढवलं की बरी हुईल न्हवं?" मी "बघू" म्हटलं. वैद्यकात याहून नीच शब्द नाही.

२५ जानेवारी
कमलला भेटायला दुसरी कमल! जुळी बहीण, विमल. भिंगारला दिलीय, नवरा छावणीत कारकून. रक्तगट एक, कानाच्या पाळ्यासुद्धा एक. एका बीजाच्या जुळ्यांत एकीची मज्जा दुसरीचं शरीर परकी मानत नाही. परदेशात करून पाहिलंय.
मेजर : "उंदरांवरून थेट बायकांवर?"
मुंबईला माझ्या जुन्या सरांना ट्रंककॉल. "घेऊन ये. पण शोधनिबंधावर पहिलं नाव माझं." पोरगी जगेल का, हे त्यांनी विचारलं नाही. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, मीही नाही.

३० जानेवारी
भिंगार. विमलची सासू ओट्यावर गहू निवडत होती. "हाडातला मगज काढून पोकळ करून धाडाल, मंग हिला ल्योक कसा व्हायचा?" मज्जा पुन्हा भरते, सांगितलं, उंदरांच्या प्रयोगाचंही सांगितलं. नवऱ्याला विचारावं, तर तो आईकडे बघून उत्तर देतो. बैल.
सासू : "तुमाला हायेत का पोरं?"
"नाही."
"व्हय, तरीच."
असल्यांसाठी मी डोळे फोडते. चहासुद्धा विचारला नाही.

२ फेब्रुवारी
औषधांनी कमलचा ताप उतरला. तात्पुरता. बहिणीच्या घरचे नाही म्हणतात, हे सांगून टाकलं. वाटलं, रडेल.
"बाई, खरं सांगा. तुम्हाला मी हवी, का माझं रक्त?"
"दोन्ही."
"आधी कोण?" वर्गात पोराला विचारावं तसं.
तापाचा तक्ता खाटेला अडकवून निघून आले. दिवसभर स्वतःची किळस.

६ फेब्रुवारी
सकाळी लॅबच्या दारात विमल. एकटी, हातात कापडी पिशवी.
"आत्याबाई न्हाई म्हनत्यात. मालक गप हायेत. मी आले."
"परत घरात घेतील?"
"ते मी बघंन. तुमच्या उंदरांचं काय झालं?"
"तीन जगले, दोन मेले."
"मानसाचं?"
"माहीत नाही."
इतकं खरं या गावात मी कुणाशी बोललेच नव्हते.
"मंग लवकर चला."
मेजरांनी रजा नाकारली. न घेताच निघणार. पोरींचे वडील सोबत...

२१ फेब्रुवारी, मुंबई
कमलला किरण देऊन झाले. विमलच्या कमरेच्या हाडातून मज्जा काढली, गाळून कमलच्या शिरेत सोडली. सर बड्या मंडळींना तिच्या खोलीच्या काचेपाशी आणून "माझी केस" म्हणून दाखवतात. प्राणिसंग्रहालय. आत कमल, तोंडभर फोड, केस गळताहेत. विमलला वाकता येत नाही, तरी बाकावरून हलत नाही. भिंगारहून कुणी फिरकलं नाही.

२९ फेब्रुवारी
कमलच्या रक्तात पांढरी पेशी एकही नाही. वाईट नाही, तशी चांगलीही नाही; विमलची मज्जा रुजली तर नवी दिसेल. ताप पुन्हा. सर : "आता तू नगरला गेलीस तरी चालेल." गेले नाही.
दुपारी विमल लॅबमध्ये शिरली, कुणाला न विचारता.
"दिसलं का काई?"
"अजून नाही."
"मला दावा."
मायक्रोस्कोपला डोळा लावून पुष्कळ वेळ पाहत राहिली. "हे तर नुसतं रिकामं रान."
"हो."
बाजूला सरकली. स्टूल माझ्याकडे ढकललं.
"तुमी बघा. नीट बघा."
बसले.