टायरातलं कुटार

१ डिसें., सोम.
आज पुन्हा पंचर. शेतातल्या पांदणीत बाभळीचा काटा, टायरात आरपार. दप्तरात मावशीचे दोन चमचे होते म्हणून टायर तरी निघालं. ट्यूब डबक्यात बुडवली, बुडबुडे आले तिथं दुमडून सुतळीनं करकचून बांधली, सायकलीले बांधलेल्या पंपानं हवा मारली. सायकल चाकाच्या दर फेरीले टुणकन उडे. प्रार्थना चालू होती तवा पोचली. हजर!

आईबाबा ऊसतोडीले गेले तवापासून मी दहावीसाठी मावशीकडं. बाबाची अट: "एक दिस शाळा बुडाली का मी येतो अन् तुले तोडीवर घेऊन जातो." मावशी रोज संध्याकाळी फोनवर बाबाले माही हजेरी देते. मले नाई जायचं. बिलकुल नाई.

२ डिसें., मंगळ.
मावशी: "माहे चमचे कोनी नेले वं?" मी हातानंच पोहे खाल्ले.

५ डिसें., शुक्र.
शाळा सुटल्यावर तिथंच मानोऱ्यात रहीमचाचाच्या दुकानात पंचर काढलं. माही गाठ पाहून चाचा हसून हसून खोकले. "बेटी, ये ट्यूब है के गठरी?"
मी इचारलं, ट्यूब पुरीच फाटली तं?
"तो घास ठूँस दे. इस्कूल तक तो जाएगी."

१२ डिसें., शुक्र.
येताना ट्यूब वीतभर फाटली. उद्या शनिवार, सकाळची शाळा. गावात पंचरचं दुकान नाई.
चाचाचं घासाचं सांगितलं तं मावशी म्हने, "घास कायले? सोयाबीनचं कुटार पडलं हाय ना ढीगभर." मंग दोघीनं मिळून ते भुसकट टायरात भरलं. मावशीनं लाटण्यानं ठासलं. चमचा वाकला, टायर एका बाजूनं रिंगात बसेच ना, तिथं सुतळीनं बांधलं. अंगणात दोन चकरा मारल्या. दन् दन् दन्, पण चालते!! दवानं कुटार भिजू नये म्हणून सायकल गोठ्यात ठेवली. आमी दोघी लय हुशार.

१३ डिसें., शनि.
बकरी.
गोठ्यात बकरी बांधते मावशी, हे दोघींच्याबी ध्यानात नाई. सुतळी खाल्ली, कुटार खाल्लं, रिकाम्या टायरावर तोंड ठेवून रवंथ करून राह्यली होती. मावशी तिले शिव्या देता देता मधातच हसली. मी रडली.
मानोऱ्यापर्यंत पळत गेली. हजेरी होऊन गेलती. गैरहजर मांडलं ते मांडलंच.
संध्याकाळी मावशीनं फोन लावलाच नाई. म्हने, "बाबानं इचारलं तं रेंज नव्हती म्हन."
चार दांड्या होत्या रेंजच्या.

१४ डिसें., रवि.
झोपच नाई. सकाळी मीच बाबाले फोन लावला. काटा, चमचे, कुटार, बकरी, समदं सांगून टाकलं. अन् सांगितलं का मले तोडीवर नाई यायचं, मले शिकायचं हाय.
बाबानं फोनवरच आईले हाका मारून मारून बकरीचं सांगितलं. आई हसल्याचं आईकू आलं.
मंग बाबा म्हने, "पुढच्या रविवारी येतो मी."
काहून येतो, ते नाई सांगितलं. ठेवता ठेवता इचारलं, "तुह्या सायकलीचं टायर किती नंबरचं हाय वं?"
मी मावशीले म्हटलं, पोरीले न्यायले येनारा मानूस टायरचा नंबर कायले इचारन?
मावशी म्हने, "सायकल इकायची असन तं गिऱ्हाईकबी पयले तेच इचारते."