माहेरी न नेलेले यंत्र

सौ. देवयानी मुकुंद हिंगमिरे,

झोपेत श्वास अडणाऱ्यांना रात्री हवा पुरवणाऱ्या यंत्राच्या मास्कची सवय लागावी, म्हणून दर रविवारी तू वाचनालयाच्या खोलीत त्यांची बैठक घेत होतीस. "लाज धराल तर जीव जाईल," असे त्यांना बजावणारी तू, भाच्याच्या लग्नाला मंगळवेढ्यास स्वतःचे यंत्र न घेताच गेलीस. "माहेरी सगळ्याजणी एका रांगेत झोपतो. तिथं नाकाला नळी लावू की काय?" असे मलाच ऐकवलेस. सकाळी तू उठली नाहीस. तुझी वहिनी मला सांगते, "वन्सं लई गाढ झोपल्या व्हत्या. घोरणं ऐकून आमी हसलो बी." याबद्दल मी तिला क्षमा करणार नाही. तुलाही नाही.

आज बैठक कायमची बंद करण्यास गेलो. बैठकीला येणाऱ्या जुलेखाबाई म्हणाल्या, "सर, नणंदेकडं लग्न हाय. मशीन घरीच ठेवते की. बाईंनी तरी कुठं नेलं होतं?"

"नेले नाही, म्हणूनच आज मी एकटा आलो आहे," मी म्हणालो. "आपण न्यायचेच."

पुढील रविवारी बैठकीसाठी सर्वांना आपल्या घरी बोलावले आहे. तुझे यंत्र मी दिवाणखान्यात, सर्वांना दिसेल असे मांडले आहे.

तुझ्यावर रागावलेला,
मुकुंद

ता. क. वाचनालयाच्या खोलीला कुलूप लावले. किल्ल्या ग्रंथपालांना परत केल्या.