शाळेतल्या नाचाविरुद्धचा अर्ज

बाई, तुम्हाला मी आठवत नसणारच. शाळेची किल्ली रोज आमच्या ओट्यावर विसरून जायची आणि सकाळी साऱ्या गावाला विचारत फिरायचं, अशी तुमची गत. मेल्यावर इतक्या वर्षांनी माझं तोंड तुम्ही काय लक्षात ठेवणार. तरी सांगते. मी शाळेसमोरच्या घरातली, चौथीतल्या त्या लांब हातांच्या पोरीची माय. लिहिते आहे माझी नात, सातवीतली. मी 'मले' म्हटलं की ती 'मला' लिहिते. म्हटलं, लिही बापा, बाई मास्तरीण होत्या, त्यांना तसंच आवडेल.

तुम्ही एकदा माझ्या चुलीपाशी येऊन बसलात. कापूस वेचायचे दिवस, मी नुकती वावरातून आलेली. मी भाकरी थापते आहे आणि तुम्ही पाटावर बसून सांगताय, "ताई, तुमच्या पोरीला पाढे येत नाहीत, पण तिच्या पायांना बरोबर मोजता येतं." शनिवारी शाळा सुटायच्या आधी तुम्ही पोरींना भुलाबाईच्या गाण्यांवर नाच शिकवायच्या. मारेगावला शाळांच्या कार्यक्रमात त्यांना न्यायचं होतं, आणि माझी पोरगी सगळ्यांत पुढं उभी राहणार होती. मी म्हटलं, "नाचून काय पोट भरते काय, बाई?" तुम्ही माझ्या हातांकडं बोट दाखवलं. "मग भाकर थापताना ताल कायले धरता?" तुम्ही नाशिककडच्या, 'कायले' तुमच्या तोंडात नवीनच होतं. मी इतकी हसले की भाकर करपली, आणि ती करपलेलीच तुम्ही खाऊन गेलात.

पण गिरणीवर दळण घेऊन बसलेल्या बाया हसत नव्हत्या. "मास्तरीण पोरी नाचवून राह्यली म्हणते. उद्या सोयरीक कोण करन?" भुलाबाईत याच बाया अंगणात घाम फुटेपर्यंत फेर धरायच्या, आणि मी त्यांच्यात पुढं. पण अंगणातलं अंगणात. पोरगी चारचौघांसमोर, मांडवात, मारेगावला नाचणार म्हटल्यावर मीही तिच्या सोयरिकीचा हिशेब करू लागले. मग अर्ज निघाला. खाली पंधरा अंगठे, पहिला माझा. पोरी मारेगावला गेल्या नाहीत आणि महिन्याभरात तुमची बदली झाली, पार जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला.

तुम्ही निघालात त्या दिवशी मी फाट्यावर पाणी घेऊन आले होते. तुम्ही ट्रंकेवर बसलेल्या. पाणी प्यालात आणि विचारलंत, "ताई, त्यावर तुमचाही अंगठा आहे म्हणे?" मी म्हटलं, "मले काय वाचता येते, बाई? म्हणाले, शाळेच्या पत्र्यासाठी अर्ज आहे. टेकवला." तुम्ही माझ्या पाठीवर हात ठेवलात. माझ्या! "तुमचा काय दोष त्यात. वाचता आलं असतं तर टेकवला नसता." मग ट्रंक उघडून एक पाटी काढून दिलीत, शिका म्हणून. त्या पाटीनं मी दुधाचं पातेलं झाकत आले. चार-पाच वर्षांनी कोणीतरी सांगितलं, तुम्ही तिकडंच तापानं गेलात. मी वावरात निंदत होते. ती ओळ पूर्ण केली, मग दुसरी धरली.

पोरगी आता राजूरला असते. नातेवाइकांच्या वरातीत साऱ्या बाया नाचतात, तेव्हा ती सगळ्यांच्या पर्सा धरून बाजूला उभी राहते. मी तिला कधी विचारलं नाही, काहून.

यंदा शाळेत नाचाचा तास सुरू झाला आहे, बाई. सरकारी शाळेत, वेळापत्रकात लिहून. वणीहून एक पोरगी दर गुरुवारी शिकवायला येते, पोट्टे पण नाचतात. आमची ही पत्र लिहिणारी तर घरात चालतच नाही, नाचतच फिरते. (हे लिही. खोडू नको.) पण परवा पालकांची सभा झाली. एक बाप उठला आणि म्हणाला, "आमच्या पोरी घरंदाज आहेत, शाळेत नाचवायला दिलेल्या नाहीत." मग माझ्याकडं वळला. "आजीले विचारा. त्या वक्ती यायनंच बंद पाडलं होतं." सारे माझ्याकडं पाहत होते, काहीजण तर मानानं. मी पदर नीट केला. निकाल सोमवारच्या सभेत.

ते घरंदाज पोरींचं वाक्य त्या बापाचं नव्हतं, बाई. तो जुना अर्ज लिहायला सारे बसले तेव्हा पाटलाच्या पोराला शब्द सुचेनात. त्यानं अर्ज मला दोनदा वाचून दाखवला होता. मी म्हटलं, हे मिळमिळीत आहे, थांब, मी सांगते, लिही. आणि हेच वाक्य सांगितलं. आजच्या आधी मी कोणाकडून लिहून घेतलं, ते एवढंच.

नातीची लेखणी थांबली आहे. "आजी, हे लिहू?" लिही. आणि मग हा कागद तुझ्या पुस्तकात ठेव, पाठवायला कुठं पत्ता आहे. सोमवारी सभेत मला तोंड उघडता येईल की नाही, ते मला अजून माहीत नाही. तू एक कर. त्या वणीच्या पोरीसाठी आंबाडीची भाजी, कण्या आणि भरड्याचे वडे पाठवायचे. मोठ्या डब्यात भर, गच्च. तुला उचलता आला नाही पाहिजे, म्हणजे मलाच शाळेत घेऊन यावं लागेल.