बोटाखाली चौऱ्याऐंशी

दुकान, शनिवार, १४ नोव्हेंबर
दुपारी सव्वातीन

प्रिय बारक्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक आहोत, तुम्ही सगळे तिकडे खुशाल असाल. पोरी आता तुझ्या खांद्याला लागल्या असतील. पत्राची सुरुवात अशी करायची असते म्हणून केली. 'ठीक' या शब्दाबद्दल पुढे लिहितो.

आधी यादी. माझ्या हातानं केलेल्या आणि आज घरात किंवा दुकानात असलेल्या वस्तू. विकत घेतलेली एकही यात नाही.

घरातला जिना, सतरा पायऱ्या, प्रत्येकीची उंची साडेसतरा सेंटिमीटर, कुठलीही मोजून बघ. दुकानातलं अठ्ठेचाळीस खणांचं कपाट. पितळी वजनांचा संच, एक ग्रॅमपासून पाच किलोपर्यंत, सगळा माझ्या लेथवर उतरवलेला. काचेच्या पेटीतला दोन पारड्यांचा काटा, ज्याच्या एका पारड्यात डोक्याचा केस टाकला तरी तो झुकतो. हे उतरतं टेबल, ज्यावर लिहितोय. आईच्या खोलीची खिडकी, चौकटीसकट. बाबांची चाकाची खुर्ची. त्यांच्या पलंगावरची लोखंडी कमान, जिला डाव्या हातानं धरून ते उठायला बघायचे. वाकड्या दांड्याचा चमचा. चार पायांची काठी, ती एकोणीस दिवस वापरली गेली. आणि त्यांना बोलता येईना म्हणून केलेली चोवीस चौकोनांची पाटी, चित्रांची. पाणी, दिवा, दुखतंय, खिडकी उघड, असं सगळं. नवव्या चौकोनात तू आहेस, चष्मा घातलेला. दहाव्यात पांघरूण आहे. बाबांचं बोट नवव्यावर किती वेळा जायचं ते तुला मी कधी कळवलं नाही. मी त्यांना पांघरूण आणून द्यायचो.

यादी अशासाठी की काही कमीजास्त झालं तर लेथ भंगारवाल्याला जाऊ नये, आणि पितळी संच फोडून सुटा विकला जाऊ नये. बाकीचं तू आणि तुझी वहिनी बघा.

आता काय होऊ घातलंय ते.

माझ्या हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट दाबले जात नाहीत, नुसते थरथरतात. डॉक्टर त्याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. तू विज्ञान शिकवतोस, तुला जास्त सांगायला नको. त्यावर अॅब्लेशन म्हणून एक उपचार आहे. मांडीच्या शिरेतून तार हृदयापर्यंत नेतात आणि जिथून भलतेसलते विजेचे झटके निघतात तिथे डागतात. डागलेल्या जागेवर वण होतो आणि वणातून वीज पुढे जात नाही. कल्पना चांगली आहे, मला पटली. करायचं का नाही ते ठरवायचं आहे. पंचवीस तारीख, बुधवार, राखून ठेवली आहे. येत्या शुक्रवारपर्यंत हो किंवा नाही कळवायचं.

सुरुवात चौदा महिन्यांपूर्वी झाली. धान्याच्या गोदामात जमिनीतला मोठा काटा तपासायला गेलो होतो. वीस वीस किलोची वजनं एकेक करून चढवायची असतात, पन्नास. तिसरं ठेवलं आणि खाली बसलो. गोदामवाला म्हणाला, अर्धा ग्रॅम आज लवकर दमले. (बाजारात मला अजून अर्धा ग्रॅमच म्हणतात. तेवढ्या फरकासाठी मी सोनाराचा काटा तीनदा परत पाठवला होता, तेव्हापासून.) कार्डिओग्राम काढला, त्यात हे निघालं. डॉक्टरांनी तेव्हाच अॅब्लेशनचं सुचवलं होतं. रक्त पातळ ठेवायची एक गोळी आणि ठोके आवरायची एक गोळी दिली, महिन्याभरानं दाखवा म्हणाले.

मी गेलो नाही. गोळ्या घेतल्या, पण दाखवायला गेलो नाही. मी वही सुरू केली. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, उजव्या हाताची तीन बोटं डाव्या मनगटावर ठेवून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. पंधरा सेकंद मोजून चारनं गुणण्याचा आळशीपणा केला नाही. चौदा महिन्यांत एकही खाडा नाही. कमीत कमी अठ्ठ्याहत्तर, जास्तीत जास्त नव्वद. असे आकडे हातात असताना डागून घ्यायला मी काय वेडा आहे?

वहिनी म्हणायची, पाय सुजलेत, अकराव्या पायरीवर थांबता. मी वही दाखवायचो. ती म्हणाली, "तुमचं काळीज कुणी दुकानात आणलं असतं ना, तर याच्यात काही बिघाड नाही म्हणून परत पाठवलं असतं तुम्ही." शेवटी गेल्या आठवड्यात तिनं दुकानाला कुलूप लावलं, किल्ली पदरात बांधली आणि मला घेऊन गेली.

डॉक्टर तुझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी लहान असतील. मी वही त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी पानं खरोखर उलटली, हे सांगितलं पाहिजे. वाद घातला नाही. सिस्टरला बोलावलं आणि म्हणाले, काकांबरोबर मोजा.

सिस्टरनं माझ्या छातीवर स्टेथोस्कोप ठेवला. मी माझ्या मनगटावर माझी तीन बोटं. भिंतीवरचं घड्याळ दोघांना दिसत होतं. तिनं 'आता' म्हटलं, आणि बरोबर एक मिनिटानं 'थांबा'. माझे चौऱ्याऐंशी. तिचे एकशे एकतीस.

मी म्हणालो, पुन्हा. पुन्हा केलं. तिसऱ्यांदाही केलं. मग मी तिच्याकडून ते यंत्र मागून स्वतःच्या कानाला लावलं. बारक्या, आत नुसता गोंधळ होता. विचारलं, मधले सत्तेचाळीस कुठे गेले?

ती म्हणाली, "काका, ते रक्त भरायच्या आधीच पडलेले ठोके. सगळे मनगटापर्यंत येत नाहीत."

इतकं साधं. ती जेमतेम पंचविशीची असेल. चौदा महिने, दिवसाला तीन वेळा, मी बाराशेच्या वर आकडे लिहिले आणि एकही खोटा लिहिला नाही, आणि सगळे चुकीचे. चौदा महिने हृदय तसंच धावत होतं. डॉक्टर म्हणतात, वरचा कप्पा ताणून मोठा झालाय. तेव्हा आला असतात तर दहातल्या आठांना फायदा होतो असं सांगितलं असतं, आता सहा धरा, आणि कदाचित दोनदा करावं लागेल. धोका शंभरात एकदोघांना, हृदयाभोवती रक्त साचणं किंवा अर्धांगाचा झटका. गोळ्यांवरच राहायचं तर डोस वाढवावा लागेल, मग दुकानाचं काम होणार नाही, आणि हृदय आणखी कमजोर होत जाईल. रक्त पातळ ठेवायची गोळी दोन्हीकडे आहेच.

एवढं लिहून आज थांबतो. हात गार पडतात.

रविवार, १५ नोव्हेंबर
सकाळी दहा

काल इथेच पत्र संपवून पाकिटात घालणार होतो. यादी झाली, बातमी झाली. घातलं नाही.

दवाखान्यातून निघताना मी डॉक्टरांना एक गोष्ट विचारली. एका ओळखीच्या माणसाचं म्हणून विचारली. अकरा वर्षांपूर्वी एखाद्या म्हाताऱ्या माणसाला छातीत पाखरू फडफडल्यासारखं होत असेल, थकवा असेल, नाडी ऐंशी असेल, आणि चार दिवसांत त्याची उजवी बाजू गेली असेल, तर? ते म्हणाले, साध्या कार्डिओग्रामवर कळलं असतं. गुठळी होऊन मेंदूत जाऊ नये म्हणून रक्त पातळ ठेवायचं औषध दिलं असतं. चार दिवसांत टळलंच असतं असं कुणी छातीठोक सांगणार नाही, पण संधी होती. मग त्यांनी विचारलं, तुमचे कोण? मी म्हणालो, ओळखीचे.

तू त्या रविवारी गाडी घेऊन आला होतास. बाबांना तुझ्या शहरातल्या मोठ्या दवाखान्यात नेतो म्हणालास. मी बाबांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, सगळ्यांसमोर त्यांचं मनगट धरलं, घड्याळ बघून एक मिनिट मोजलं आणि म्हणालो, ऐंशी, माझ्यापेक्षा उत्तम, उगाच म्हाताऱ्या माणसाला हलवू नकोस. बाबा माझ्याकडे बघून हसले. मी सांगितलं ते त्यांना खरं वाटायचं. तू एकटा परत गेलास. गुरुवारी बाबा तोंड धुताना पडले.

दवाखान्याच्या व्हरांड्यात तू मला म्हणालास, "दादा, तुला तुझ्या बोटापलीकडचं काही दिसतच नाही." मी म्हणालो, तू मास्तर आहेस, वर्गात शिकव. ते आपलं शेवटचं बोलणं. पुढे बाबा दोन वर्षं होते, आणि आता ते जाऊन नऊ झाली.

अकरा वर्षं मी स्वतःला एकच सांगत आलो, मी मोजलं होतं, ऐंशी होते. रागावलेला माणूस काहीही बोलतो, पण आकडा आकडाच असतो. त्या सिस्टरनं तो आकडा काढून घेतला. तरी म्हटलं, ठीक आहे, मला माहीत नव्हतं. शाळा मी आठवीत सोडली. का सोडली ते तुला ठाऊक आहे आणि ते मी तुला पुष्कळदा ऐकवलंय. न शिकलेल्या माणसाला मनगट आणि छाती यांतला फरक कोण सांगणार?

मग कपाटातून बाबांची वही काढली. हो, त्यांचीही वही होती, तू यायच्या आधी आठ दिवस मी मोजत होतो. त्या रविवारच्या पानावर ऐंशी आहे. त्याच्या शेजारी पेन्सिलीनं माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'मागेपुढे. मधूनच गळतो.' शनिवारच्या पानावरही तेच. शुक्रवारीही.

म्हणजे माझ्या बोटाला कळलं होतं. ज्याचा काटा एका जागी स्थिर होत नाही असा एकही वजनकाटा मी तीस वर्षांत कुणाला पास करून दिलेला नाही. भाजीवाल्यालासुद्धा नाही. आणि त्या दिवशी मी फक्त आकडा मोठ्यानं सांगितला, शेजारचं वाचलं नाही. का नाही वाचलं, याचं उत्तर शोधायला फार लांब जावं लागलं नाही. ते वाचलं असतं तर तुझं खरं ठरलं असतं. ज्याला मी सायकल शिकवली, ज्याची फी मी भरली, तो माझ्या घरात येऊन मला सांगतो, बाबांना काहीतरी झालंय.

आता तुला कळेल की मी अडलोय कुठे. धोक्याचं भय आहे, नाही असं नाही. पण शंभरात दोन हा आकडा मला पेलतो. मला दुसरंच भय आहे. मी त्या टेबलावर झोपलो आणि बरा होऊन जिना चढायला लागलो, तर रोज प्रत्येक पायरीवर हे सिद्ध होईल की वेळेवर दाखवलं की माणूस वाचतो. आणि नाही झोपलो, तर निदान बाबांपेक्षा मला जास्त काही मिळालं नाही, एवढं म्हणता येईल. वहिनीला हे बोललो तर ती मला उभा सोलेल. तिला एवढंच माहीत आहे की मी 'विचार करतोय'. काल ती म्हणाली, "एवढा विचार तुम्ही लग्न करताना केला असता तर मी सुटले असते."

मी आयुष्यात कुणाचा सल्ला घेतला नाही. लेथ पुस्तकातली चित्रं बघून शिकलो. आज तुला विचारतो. करून घेऊ का? मागच्या वेळी तू सांगितलंस ते मी ऐकलं नाही. या वेळी हो म्हणालास तर हो, नाही म्हणालास तर नाही. काही बोललाच नाहीस तर तेही मी समजून घेईन, आणि शुक्रवारी त्यांना 'नाही' म्हणून कळवीन.

पत्र उद्या सकाळी टाकतो, बुधवारी तुला मिळेल. दर महिन्याला तू वहिनीला फोन करतोस हे मला पहिल्यापासून माहीत आहे. तुझा फोन आला की मी दुकानात येऊन ग्राइंडर लावतो, तो काही धार लावायला नाही. तुम्हाला मोकळेपणी बोलता यावं आणि मला ऐकू येऊ नये म्हणून. त्याच नंबरवर कर. या वेळी ग्राइंडर बंद असेल.

तुझा,
दादा

ता. क. हे वहिनीलाही ठाऊक नाही. त्या रविवारी निघताना तू मला जिन्याखाली बाजूला घेतलंस आणि हातात पाकीट दिलंस. म्हणालास, "माझ्याबरोबर नको पाठवूस. तूच ने, तुला हवं त्या डॉक्टरकडे. मी दाखवलं असं कुणाला सांगणार नाही. पण एकदा दाखव." तू बाबांच्या पाया पडायला वर गेलास, आणि परत आलास तेव्हा मी पाकीट तुझ्या गाडीच्या सीटवर टाकलेलं होतं. माझ्या बापाला दाखवायला मला तुझी गरज नाही म्हणालो. तू वर होतास तेवढ्यात मी पायरीवर बसून ते उघडलं होतं. बावीस हजार होते. दोनदा मोजले.